एडवर्ड बंटिंग : विझत्या सुरांचा राखणदार

राज्यें जिंकणाऱ्या वीरांचीं चरित्रें आपण शाळेंत पुष्कळ वाचतों. आज ज्यांचें चरित्र येथें द्यावयाचें आहे, त्यांनीं एकही लढाई केली नाहीं. टांक, कागद आणि तीक्ष्ण कान यांपलीकडे त्यांच्यापाशीं कोणतेंही हत्यार नव्हतें. असें असूनही एका राष्ट्राची मोठी ठेव नाहींशी होण्याच्या अगदीं काठावर असतां त्यांनीं ती राखली. ती ठेव सोन्याची नव्हती कीं जमिनीची नव्हती. आयर्लंड देशांतील जुन्या गाण्यांच्या चाली हीच ती ठेव होय.

वाचकांपैकीं कित्येकांनीं चेलो हें वाद्य पाहिलें असेल. तें व्हायोलिनच्याच कुळांतील, परंतु आकारानें फार मोठें. बसून, गुडघ्यांमध्यें धरून तें गजानें वाजवितात. त्याचा नाद पुरुषाच्या कंठासारखा गंभीर असतो. ह्या वाद्यावर एकट्यानें, कोणत्याही साथीवांचून, आयर्लंडांतील संथ चाली आळवाव्या असा नाद ज्या विद्यार्थ्यास लागतो, त्याच्यापुढें लौकरच एक कोडें उभें राहतें. कागदावर सूर लिहिलेले आहेत. ते सर्व बिनचूक वाजविले, तरी चाल जिवंत कां होत नाहीं? हें कोडें नवें नाहीं. दोनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं एका एकोणीस वर्षांच्या तरुणापुढें तें प्रथम उभें राहिलें, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत त्याचें सारें आयुष्य गेलें. त्या तरुणाचें नांव एडवर्ड बंटिंग.

एडवर्डचा जन्म उत्तर आयर्लंडांतील आर्मा ह्या गांवीं १७७३ सालीं झाला. वडील मूळचे इंग्लंडांतील. कोळशाच्या खाणींच्या कामावर ते आयर्लंडांत आले व तेथेंच स्थायिक झाले. आई आयरिश घराण्यांतील. अशा रीतीनें दोन देशांचें रक्त त्या मुलाच्या अंगांत एकत्र आलें होतें. वडील लौकर वारले. थोरला भाऊ अँटनी हा द्रोहेडा येथें संगीताचा धंदा करीत असे. त्याजकडे एडवर्डचें पहिलें शिक्षण झालें. मुलाची बोटें इतकीं चपळ व कान इतका तयार होता कीं, अकराव्या वर्षींच त्यास बेलफास्ट शहरीं सेंट अ‍ॅन चर्चचे ऑर्गनवादक विल्यम वेअर यांच्या हाताखालीं पाठविण्यांत आलें. तेथें तो ऑर्गन वाजवूं लागला, इतकेंच नव्हे तर मोठमोठ्या घरच्या मुलींना पियानोही शिकवूं लागला. त्या काळची एक गोष्ट सांगतात. एका तरुण शिष्येचे सूर वारंवार चुकत. ह्या अकरा वर्षांच्या गुरुजींनीं तिला जरा कडक शब्दांत समज दिली, तेव्हां ती संतापून वळली आणि तिनें गुरुजींच्याच कानशिलांत दिली!

बेलफास्टमध्यें एडवर्ड मॅकक्रॅकन नांवाच्या एका सुखवस्तु कुटुंबांत राहूं लागला. घरचे कर्ते जॉन मॅकक्रॅकन हे जहाजाचे कप्तान होते. त्यांचा मुलगा हेन्री जॉय व मुलगी मेरी अ‍ॅन हीं एडवर्डहून थोडीं मोठीं. परक्याचा हा मुलगा त्या घरांत पाहुणा म्हणून आला, आणि तीस वर्षांहून अधिक काळ घरचाच होऊन राहिला. ह्या कुटुंबाच्या आश्रयावांचून पुढील कार्य त्याच्या हातून झालें नसतें. मात्र बाळपणींच वाहवा मिळाल्यामुळें त्याच्या स्वभावांत थोडा हट्ट, थोडा आळस व खाण्यापिण्याची आवड हीं शिरलीं, असें त्याच्या मित्रांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. थोरांचेही दोष सांगितले म्हणजे त्यांचें थोरपण उणें होत नाहीं. तें आपल्याला जवळचें वाटूं लागतें.

आतां त्या वेळच्या आयर्लंडची स्थिति थोडी पाहिली पाहिजे. प्राचीन काळापासून त्या देशांत हार्प ह्या तंतुवाद्याचा मोठा मान होता. लांकडी नादपेटी, तिजवर वांकदार बाक आणि मधें ताणलेल्या पितळी तारा, असें तें वाद्य डाव्या खांद्याशीं टेकवून वाजवीत. जुने वादक बोटांचीं नखें वाढवीत व त्या नखांनीं तारा छेडीत. त्यामुळें लहानशा घंटांसारखा नाद निघून तो बराच वेळ घुमत राही. गेलिक सरदारांच्या वाड्यांत कवि आणि हार्पवादक यांना मानाची जागा असे. परंतु सतराव्या शतकांतील युद्धांत त्या सरदारांच्या जमिनी गेल्या, वाडे ओस पडले, आणि आश्रयदात्यांबरोबर वादकांचेंही भाग्य मावळलें. ते घोड्यावर बसून, वाटाड्या बरोबर घेऊन, ह्या घरून त्या घरीं फिरूं लागले. त्यांच्यांत अंधांची संख्या मोठी होती, कारण देवीच्या रोगानें डोळे गेलेल्या मुलाला पोट भरण्यासाठीं हार्प शिकविण्याची तेथें चालच होती. ही सारी विद्या तोंडीं व कानीं चालत असे. तिचा फारच थोडा अंश कोणीं कागदावर उतरविला होता. एक वादक वारला कीं त्याच्याबरोबर कित्येक चाली मातीआड होत.

हा ऱ्हास पाहून बेलफास्टमधील कांहीं सुशिक्षित गृहस्थांना तळमळ लागली. डॉक्टर जेम्स मॅकडॉनेल हे त्यांत प्रमुख होते. लहानपणीं आर्थर ओनील ह्या अंध वादकाकडून त्यांनीं हार्पचे धडे घेतले होते. देशांत जे हार्पवादक उरले असतील त्या सर्वांना एकत्र बोलवावें, त्यांना बक्षिसें द्यावीं, व त्यांच्याजवळच्या चाली लिहून घ्याव्या असें ठरलें. वर्तमानपत्रांतून आमंत्रणें गेलीं. १७९२ च्या जुलै महिन्यांत बेलफास्टच्या सभागृहांत हा मेळा भरला. आयर्लंडचे दहा वादक आले, शिवाय वेल्स प्रांतांतील एक. साऱ्या देशांतून अवघे दहा! त्यांतील सहा जण अंध होते. रोझ मूनी ही एकटीच स्त्री. विल्यम कार हा पंधरा वर्षांचा पोर. आणि सर्वांत वृद्ध डेनिस हेम्पसन, त्यांचें वय सत्याण्णव वर्षांचें. चार्ल्स फॅनिंग यांना दहा गिनींचें पहिलें बक्षीस मिळालें, आर्थर ओनील यांना आठ गिनींचें दुसरें, व बाकीच्यांपैकीं प्रत्येकास सहा सहा गिनी देऊन निरोप देण्यांत आला.

ह्या मेळ्यांत चाली लिहून घेण्याचें काम एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगवर सोंपविलें होतें. अट एकच होती : जसें ऐकूं येईल तसेंच लिहावयाचें, आपल्या पदरचा एकही सूर त्यांत मिसळावयाचा नाहीं. त्या दिवसांत बेलफास्टमध्यें फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा वाढदिवसही साजरा होत होता. रस्त्यांतून मिरवणुका चालल्या होत्या. सभागृहांत आलेल्या लोकांपैकीं सर्वांनाच त्या म्हाताऱ्यांचें वादन रुचलें असें नाहीं. वुल्फ टोन यांच्यासारखा देशभक्तही तें ऐकून कंटाळला व आपल्या रोजनिशींत त्यानें तसें नमूद केलें. परंतु त्या गर्दींत वही घेऊन बसलेल्या तरुणाला मात्र वेगळेंच कांहीं दिसलें. हे वादक निरनिराळ्या प्रांतांतून आलेले, निरनिराळ्या गुरूंकडे शिकलेले; तरीही वाद्य सुरांत लावण्याची त्यांची रीत एकच होती, आणि फार जुन्या चाली सर्व जण बहुतेक सारख्याच वाजवीत. मधल्या दोन समस्वरी तारांना ते बहिणी म्हणत, आणि त्याच प्रथम जुळवून घेत. ही विद्या कोणा एकट्यादुकट्याची लहर नव्हे, पिढ्यान् पिढ्या जपलेली शिस्त आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें. मेळा संपला, वादक आपापल्या वाटेनें गेले. बंटिंग यांचें काम मात्र त्या दिवसापासून सुरू झालें.

काम वाटलें होतें त्याहून फारच कठीण होतें. बंटिंग यांचें शिक्षण ऑर्गन व पियानो यांवर झालेलें. त्या संगीतांत ताल ठरलेला, प्रत्येक सुराची लांबी ठरलेली, पांच रेघांवर उभ्या दंडांनीं सारें कसें मोजून मांडलेलें. आयर्लंडच्या संथ चाली ह्या मापांत सहजासहजीं बसेनात. त्या चाली मूळच्या गाण्यांच्या. गाणाऱ्यानें शब्दाच्या अर्थाप्रमाणें एका सुरावर रेंगाळावें, दुसरा झटकन सोडावा, दोन सुरांमध्यें बारीकशी मुरकी घ्यावी, असें त्यांचें चालणें. पुष्कळ चालींतील सुरांची रचना पियानो शिकविणाऱ्यांच्या ठराविक सप्तकांहून निराळी. बंटिंग यांच्या त्या वेळच्या कच्च्या वह्या आज उपलब्ध आहेत. त्यांत कित्येक ठिकाणीं केवळ ठिपके आहेत. तालाचे दंड नाहींत, सुरांची लांबी नाहीं. वादकाचीं बोटें पुढें धांवत आहेत आणि लिहिणारा जिवाच्या करारानें मागें पळत आहे, असें तीं पानें पाहून वाटतें.

मेळ्यानंतर त्यांनीं खेडोपाडीं हिंडण्यास आरंभ केला. डेरी व टिरोन परगण्यांत ते गेले, पश्चिमेकडे कॉनॉट प्रांतांतही गेले. समुद्रकांठच्या मॅगिलिगन येथें वृद्ध हेम्पसन यांचें घर होतें. तेथें जाऊन ते त्यांच्या पायांशीं बसले. हेम्पसन यांची दृष्टि वयाच्या तिसऱ्या वर्षीं देवींनीं गेली होती, आणि बाराव्या वर्षीं त्यांनीं ब्रिजेट ओकाहन नांवाच्या एका बाईकडे हार्प शिकण्यास प्रारंभ केला होता. वांकडीं, लांब नखें तारेवर फिरवून ते इतक्या हळुवारपणें वाजवीत कीं, मेळ्यांतील इतरांच्या वादनाहून त्यांचें वादन अगदीं वेगळें भासे. नव्या लोकप्रिय चालींकडे ते ढुंकूनही पाहत नसत. त्यांना प्रिय होत्या त्या आपल्याही आधींच्या काळच्या चाली. त्यांतील एक फार जुनी, केवळ वाद्य जुळलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आरंभीं वाजवावयाची रचना बंटिंग यांना हवी होती. म्हातारा ती वाजवीना. ती वाजविली म्हणजे गेलेल्या दिवसांच्या आठवणी उचंबळून येतात, असें त्याचें म्हणणें. पुष्कळ विनवण्या केल्यावर, मोठ्या नाखुशीनें, त्यानें तिचा कांहीं भाग वाजवून दाखविला. तेवढाच आज जगाच्या हातीं आहे. हेम्पसन १८०७ सालीं वारले. त्या वेळीं त्यांचें वय एकशें बारा वर्षांचें होतें असें सांगतात. बंटिंग यांनीं आणखी कांहीं वर्षें चालढकल केली असती, तर तेवढाही भाग हातीं लागला नसता.

१७९६ सालीं बंटिंग यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांत ६६ चाली होत्या. हार्पवादकांच्या तोंडून व हातून प्रत्यक्ष घेतलेल्या चालींचा असा संग्रह त्यापूर्वीं कोणीं केला नव्हता. परंतु ग्रंथकाराच्या हातीं धन पडलें नाहीं. डब्लिनमध्यें एका विक्रेत्यानें त्याची चोरटी, स्वस्त आवृत्ति काढली व मूळ पुस्तकाचा खप मारला. पुढें आणखी एक घाव बसावयाचा होता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत शिकत असतां टॉमस मूर नांवाच्या तरुण कवीस ह्या संग्रहाची गोडी लागली. १८०८ पासून मूर यांनीं आयरिश चालींवर रचलेलीं इंग्रजी गीतें प्रसिद्ध होऊं लागलीं व तीं घरोघर गाइलीं जाऊं लागलीं. त्यांतील कित्येक चाली बंटिंग यांच्या पुस्तकांतून घेतलेल्या होत्या. कीर्ति मूर यांना मिळाली. श्रम ज्यांचे, त्यांचें नांव थोड्यांनाच ठाऊक झालें. बंटिंग यांना ह्याचें दुःख झालें. परंतु पैशापेक्षांही त्यांना जें लागलें तें हें कीं, नव्या शब्दांसाठीं जुन्या चालींना मुरड घातली गेली. चालीसाठीं शब्द असावे, शब्दांसाठीं चाल मोडूं नये, असा त्यांचा आग्रह होता.

मधल्या काळांत मॅकक्रॅकन यांच्या घरावर वज्राघात झाला. हेन्री जॉय मॅकक्रॅकन हे युनायटेड आयरिशमेन ह्या संघटनेचे पुढारी होते. १७९८ च्या बंडांत त्यांनीं अँट्रिम येथें बंडवाल्यांचें नेतृत्व केलें. पराभव झाला, ते पकडले गेले, व १७ जुलै रोजीं बेलफास्टच्या भर बाजारांत त्यांना फांशी देण्यांत आलें. बहीण मेरी अ‍ॅन त्यांचा हात धरून वधस्तंभापर्यंत गेली होती. ज्या घरांत संध्याकाळीं पियानोचे सूर उमटत, त्या घरांत त्यानंतर किती दिवस शांतता पसरली असेल, याची कल्पनाच करावी. बंटिंग हे राजकारणांत पडणारे नव्हते. परंतु भावाच्या मृत्यूनंतर मेरी अ‍ॅननें भावाची अनाथ मुलगी वाढविली, घरचा धंदा सांभाळला, आणि बंटिंग यांचें कार्यही खंडित होऊं दिलें नाहीं. कधीं पत्रें लिहून, कधीं पैसा जमवून, कधीं आळसाबद्दल कानउघाडणी करून ती त्यांना पुढें ढकलीत राहिली. हीच बाई पुढें वयाच्या ऐंशी वर्षांनंतरही बेलफास्टच्या बंदरावर उभी राहून गुलामगिरीविरुद्ध पत्रकें वाटीत असे. मोठ्या कार्यामागें असे न दिसणारे हात कितीतरी असतात.

पहिल्या संग्रहाचा एक मोठा दोष बंटिंग यांना लौकरच कळून आला. त्यांनीं चाली घेतल्या होत्या, शब्द घेतले नव्हते. आयरिश भाषा त्यांस फारशी येत नव्हती. पण संथ चालीचा श्वास तर शब्दांत असतो! कोठें थांबावयाचें, कोणता सूर लांबवावयाचा, कोणता हलका ठेवावयाचा, हें शब्द सांगतात. शब्द गेले म्हणजे चाल आंधळी होते. म्हणून १८०२ सालीं मित्रांच्या साहाय्यानें पॅट्रिक लिंच नांवाच्या आयरिश भाषेच्या शिक्षकास कॉनॉट प्रांतांत पाठविण्यांत आलें. लिंच पायीं पायीं गांवोगांव फिरले. मोलकरणी, लोहार, शेतकरी, जो कोणी गाईल त्याच्याजवळ बसून त्यांनीं शंभराहून अधिक गीतांचे शब्द उतरून घेतले. मागाहून बंटिंग तेथें गेले व त्यांनीं चाली टिपल्या. एकाचा कान सुरांवर, दुसऱ्याचा शब्दांवर, अशी ही जोडी होती. पूर्ण फळ आतां हातांत येणार असें वाटूं लागलें.

परंतु तें यावयाचें नव्हतें. १८०३ सालीं मॅकक्रॅकन कुटुंबाचे स्नेही टॉमस रसेल यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. रसेल यांना लिंच यांनींच आयरिश भाषा शिकविली होती; सरकारनें त्याच लिंच यांस साक्षीदार म्हणून उभें केलें. रसेल फांशीं गेले. एकमेकांच्या विश्वासावर चाललेलें काम अशा वेळीं कसें टिकावें? १८०९ सालीं बंटिंग यांचा दुसरा संग्रह निघाला. त्यांत सत्तरांहून अधिक चाली होत्या, छपाई सुंदर होती, हार्पच्या इतिहासावर निबंधही होता. पण लिंच यांनीं पायपीट करून आणलेले आयरिश शब्द त्यांत नव्हते. त्यांच्या जागीं इंग्रज वाचकांस रुचतील अशीं इंग्रजी पद्यें घातलीं होतीं. शिवाय बंटिंग यांनीं ह्या चालींना पियानोची भरगच्च साथ जोडली, आणि हार्पवर जीं कधीं लावतां येणें शक्य नव्हतें अशा सप्तकांत कित्येक चाली नेऊन बसविल्या. एकही सूर पदरचा घालूं नको, ही तरुणपणची अट प्रौढपणीं पाळली गेली नाहीं. पुस्तक विकलें जावें म्हणून त्यांनीं हें केलें असेल. काळाची आवडच तशी होती. तथापि चूक ती चूकच, आणि तिचें फळ पुढच्या पिढ्यांना भोगावें लागलें.

याच सुमारास, १८०८ सालीं, बेलफास्टमध्यें हार्पची विद्या जगावी म्हणून एक संस्था स्थापन झाली. वृद्ध आर्थर ओनील यांना तेथें गुरु नेमलें आणि अंध मुलांना विनामूल्य शिक्षण सुरू झालें. निधीच्या अभावीं ती संस्था थोड्याच वर्षांत बंद पडली. १८१९ सालीं, वयाच्या शेचाळिसाव्या वर्षीं, बंटिंग यांनीं विवाह केला व ते डब्लिनला राहावयास गेले. तेथें सेंट स्टीफन चर्चमध्यें ऑर्गन वाजवावा, शिकवण्या कराव्या, संसार चालवावा, यांत वर्षें जाऊं लागलीं. वह्या मात्र पेटींत पडून होत्या. जॉर्ज पेट्री हे विद्वान् मित्र त्यांच्यामागें सारखा लकडा लावीत. मेरी अ‍ॅनचीं पत्रेंही थांबलीं नव्हतीं. अखेरीस १८४० सालीं, मेळ्यानंतर तब्बल अठ्ठेचाळीस वर्षांनीं, तिसरा संग्रह बाहेर पडला. त्यांत दीडशेंहून अधिक चाली होत्या. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे हार्पवादकांच्या परिभाषा, तारांचीं नांवें, बोटांच्या हालचाली व त्या वादकांचीं चरित्रें हीं सर्व त्यांत नोंदलीं होतीं. त्या दहा वादकांपैकीं बहुतेकांची नांवेंही आज आपल्याला कळलीं नसतीं. बंटिंग यांच्यामुळें तीं माणसें इतिहासांत जिवंत राहिलीं.

ह्याच ग्रंथांत त्यांनीं एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. आयरिश संगीत म्हणजे केवळ रडवें, रेंगाळणारें संगीत असा लोकांचा समज झाला होता, आणि जुन्या चाली अगदीं ओढून ओढून वाजविण्याची प्रथा पडली होती. १७९२ च्या मेळ्यांत मात्र त्यांनीं वादकांना पुष्कळ चाली उत्साहानें, चैतन्यानें वाजवितांना ऐकलें होतें. संथ म्हणजे मरगळलेली नव्हे, हा त्यांचा निर्वाळा प्रत्यक्ष कानांनीं ऐकलेल्या मनुष्याचा आहे.

२१ डिसेंबर १८४३ रोजीं डब्लिन येथें एडवर्ड बंटिंग यांचें देहावसान झालें. माउंट जेरोम येथील दफनभूमींत त्यांना मूठमाती देण्यांत आली. पेट्री यांनीं त्यांच्या कार्याचा धागा पुढें चालविला. १८५५ सालीं त्यांनीं काढलेल्या संग्रहांत लंडनडेरीची म्हणून जगप्रसिद्ध झालेली ती चाल प्रथम छापली गेली. बंटिंग यांच्या कच्च्या वह्या व लिंच यांनीं जमविलेले शब्द बरींच वर्षें कुटुंबीयांकडे पडून होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं शार्लट मिलिगन फॉक्स ह्या विदुषीस ते सांपडले. तिनें १९११ सालीं हार्पवादकांच्या इतिहासावर पुस्तक लिहिलें, आणि तिच्या मृत्यूनंतर तीं हस्तलिखितें बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाकडे आलीं. तेथें तीं आज सुरक्षित आहेत. जे छापील पुस्तकांत सुटलें तें वह्यांत राहिलें होतें. मनुष्य चुकला तरी त्याच्या प्रामाणिक नोंदी त्याची चूक दुरुस्त करावयास मागें उरल्या, हें केवढें भाग्य!

आतां आरंभीच्या चेलो शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे परत वळूं. समजा, त्यानें कूलिन ही प्रसिद्ध संथ चाल निवडली. बंटिंग यांनीं ती वृद्ध हेम्पसन यांच्याकडून घेतली होती. छापील पानावर तालाचे दंड आहेत. तो ते मोजून वाजवितो आणि चाल लांकडासारखी ताठ होते. मग जाणता गुरु त्याला वाद्य बाजूस ठेवावयास सांगतो. आधीं कोणा गाणाराच्या तोंडून ती चाल ऐक, तिचे शब्द, भाषा परकी असली तरी, अर्थासह समजून घे, ते मोठ्यानें म्हण, मग गा, आणि त्यानंतरच गज हातीं घे. आयर्लंडांतील जुन्या पद्धतीचें गाणें एकट्या कंठानें, साथीवांचून गाइलें जातें. म्हणून एकटा चेलो त्यास फार जवळचा आहे. पियानोचा सूर एकदां उमटला कीं विरत जातो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणें त्याला साधत नाहीं. चेलोचा गज मात्र सूर धरून ठेवतो, फुलवितो, हळूच सोडतो. बोट तारेवर सरकवून मींडही घेतां येते. एक ओळ एका श्वासांत गावी तशी ती एका गजांत, फार तर दोन गजांत वाजवावी. गज बदलावयाचा तो जेथें गाणारा श्वास घेईल तेथें. मुरक्या थोड्या आणि हलक्या असाव्या, जेथें शब्दाला टेंका हवा तेथेंच. हवा असेल तर एखादी मोकळी तार मंदपणें धरून तिचा आधार द्यावा. त्याहून अधिक साथ नको. आणि चाल ओढावयाची नाहीं. ती पुढें चालत राहिली पाहिजे.

नीट पाहिलें तर ही सारी शिकवण बंटिंग यांच्या चरित्रांतच आहे. शब्द सुटले म्हणून चाल आंधळी झाली. साथ वाढली म्हणून ती दबली. रेंगाळली म्हणून ती मेली. त्यांच्या हातून जें साधलें त्यापासून विद्यार्थी शिकतो, आणि जें चुकलें त्यापासूनही शिकतो. छापील पान हा नकाशा आहे, गांव नव्हे. गांवाला जावयाचें तर पायांनीं चाललें पाहिजे, आणि वाटेंत भेटणाऱ्या वृद्धांना रस्ता विचारला पाहिजे.

बालमित्रांनो, बंटिंग यांची विद्वत्ता किंवा त्यांच्यासारखी सुरांची देणगी प्रत्येकास लाभेलच असें नाहीं. परंतु एक गोष्ट प्रत्येकाला करतां येण्यासारखी आहे. एकोणीस वर्षांचा, शहरांत वाहवा मिळविलेला तो तरुण एका गरीब, अंध, जवळजवळ शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या झोंपडींत गेला, खालीं बसला, आणि ऐकत राहिला. त्या म्हाताऱ्याजवळ शिक्षणाची पदवी नव्हती, धन नव्हतें. पण जें होतें तें साऱ्या देशांत दुसऱ्या कोणाजवळ नव्हतें. आपल्याही घरीं अशी वृद्ध माणसें असतील. त्यांच्याजवळ काय आहे हें विचारण्यास आपण फार उशीर तर करीत नाहीं ना?